तिनं विचारलंही नाही

मेट्रनबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीतले लोक त्यांना मेट्रनबाईच म्हणायचे. घरात नवराही तेच म्हणायचा. "मेट्रन, चहा मिळणार का, की आधी केसपेपर काढू?" असं तो विचारायचा आणि त्या हसू दाबून म्हणायच्या, "रांगेत बसा." मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी उभी हयात काढली होती. त्या वॉर्डात शिरल्या की चादरींच्या सुरकुत्या आपोआप निघतात, अशी त्यांची ख्याती होती.

अशा बाईला एका लॅपटॉपने जेरीस आणलं.

लॅपटॉप जाडजूड होता, जुना होता, पण त्याच्यावाचून त्यांचं अडायचं. त्यांची धाकटी बहीण दूरच्या शहरात राहायची. पाय अधू झाल्यापासून तिचं घराबाहेर पडणं बंदच झालं होतं. दर शनिवारी सकाळी दोघी व्हिडिओ लावून समोरासमोर विणायला बसायच्या. बोलणं कमी, टाके जास्त. मध्येच बहीण म्हणायची, "अक्का, माझा टाका सुटला बघ," आणि मेट्रनबाई सुया कॅमेऱ्याजवळ नेऊन तो कसा उचलायचा ते दाखवायच्या.

एक दिवस लॅपटॉपने कळवलं की यापुढे त्याला अपडेट मिळणार नाहीत. हळूहळू तो इतका मंद झाला की बहिणीचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. दुकानदाराने झाकण उघडून पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "याचं आयुष्य संपलं, बाई. नवीन घ्या."

"आयुष्य संपलं की नाही ते नीट तपासून सांगायचं असतं," मेट्रनबाई म्हणाल्या आणि लॅपटॉप काखोटीला मारून दुकानातून बाहेर पडल्या.

वाचनालयाच्या दारावरचा कागद त्यांना त्याच आठवड्यात दिसला. 'जुना संगणक फेकू नका. त्यावर लिनक्स ही नवी सिस्टिम टाकून पाहा. मोफत. दर रविवारी दुपारी, वाचनकक्षात.' मोफत या शब्दाचा त्यांना जरा संशय आला. पण वाचनालय ओळखीचं होतं, आणि समितीचे अध्यक्ष तर त्यांच्याच हॉस्पिटलातले निवृत्त सर्जन. त्यांनी विणकामाच्या पिशवीत लॅपटॉप घातला आणि रविवारी गेल्या.

वाचनकक्षातली टेबलं जोडून ठेवली होती. तारांचा गुंता पसरला होता, आणि सात-आठ माणसं आपापली यंत्रं उघडून बसली होती. मधोमध एक तिशीतली बाई या खुर्चीवरून त्या खुर्चीवर नुसती भिरभिरत होती. तिच्या लॅपटॉपच्या पाठीवर पेंग्विनचं मोठं चित्र चिकटवलेलं होतं, म्हणून सगळे तिला पेंग्विनताई म्हणत. ती बालवाडीत शिकवायची. हे सगळं ती स्वतःच दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवर वाचून, चुका करत शिकली होती, आणि तसं मोकळेपणाने सांगायचीही. "मला सगळं येत नाही हं," ती म्हणायची, "पण आपण मिळून शोधू."

मेट्रनबाईंना पाहताच ती उठून आली. "या आजी, बसा! काय आणलंय आपण?"

आपण काय आणलंय! मेट्रनबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांना आजपर्यंत कोणी आजी म्हटलं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, मग नातवंडं कुठून असणार? पण भरल्या खोलीत हे काय बोलायचं, म्हणून त्या गप्प बसल्या.

पेंग्विनताईने एक पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. "आता आपण फक्त बघायचं, आजी. हे सगळं या पेनड्राइव्हमधून चाललंय, तुमच्या यंत्राला अजून हातही लागलेला नाही. आवडलं तर टाकू, नाही तर राम राम." पडदा उजळला. निळसर, स्वच्छ, रिकामा. बाण हलवला की लगेच हलत होता. मेट्रनबाईंना आतून बरं वाटलं, पण चेहऱ्यावर त्यांनी ते दिसू दिलं नाही.

"याच्यात तीन-चार प्रकारचे डेस्कटॉप मिळतात," पेंग्विनताई म्हणाली. "तुम्हाला कुठला डेस्कटॉप हवा?"

"टेबलावरचा नकोच," मेट्रनबाई ठामपणे म्हणाल्या. "मला हा मांडीवरचाच बरा."

शेजारचा माणूस खुदकन हसला. त्याच्या पलीकडची मुलगीही हसली. पेंग्विनताईलाही हसू आलं. तिने ते पटकन आवरलं आणि समजावून सांगितलं, की डेस्कटॉप म्हणजे इथे पडद्यावरची मांडणी. पण मेट्रनबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या त्या तापल्याच. ज्यांच्यासमोर शिकाऊ डॉक्टर चळचळा कापायचे, त्या मेट्रनबाई आज पोराबाळांच्या हसण्याचा विषय झाल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की आता काही विचारायचं नाही. पेंग्विनताई जे म्हणेल त्याला मान डोलवायची.

"तुमचे फोटो आणि फायली मी आधी बाहेर उतरवून घेते. चालेल?"

मान डोलली.

"आता टाकताना जुनी सिस्टिम पूर्ण पुसायची, की तीही ठेवायची बाजूला? पुसली तर यंत्र हलकं होईल. पण मग जुनं परत येणार नाही. कळतंय ना, आजी?"

मान डोलली.

"नक्की? पुन्हा एकदा विचारते, हं. पुसू?"

"पुसा म्हटलं ना," मेट्रनबाई म्हणाल्या. खरं तर त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. लवकर आटपून तिथून निघावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

काम झालं. फोटो परत जागेवर आले. वाचनालयाच्या वायफायवर बहिणीच्या शहरातल्या हवेची बातमीही त्यांना उघडून दाखवली. पेंग्विनताईने आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. "काहीही अडलं की फोन करा. अगदी काहीही. लाजायचं नाही."

मेट्रनबाईंनी लॅपटॉप पिशवीत खुपसला, वरून लोकरीचे गुंडे दाबून बसवले आणि निघाल्या.

घरी लॅपटॉप उघडला तर वायफाय नाही. नुसतं घरचंच नाही असं नव्हे, एरवी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची जी लांबलचक यादी दिसायची, तीही गायब. कोपऱ्यात करड्या अक्षरात एक ओळ होती, 'यंत्रावरच्या बटनाने वायफाय बंद आहे.' मेट्रनबाईंनी ती वाचली. पडद्यावरचं एकेक बटन दाबून पाहिलं. काही झालं नाही. नवऱ्यानेही चष्मा पुसून पाहिलं.

"त्या मुलीला फोन कर ना," तो म्हणाला. "नंबर दिलाय तिनं."

"काही नको. पुन्हा आजी, आजी करत अंगाई म्हणेल."

"मग म्हणू दे की. वायफाय तर येईल."

फोन काही केला नाही. शनिवार उजाडला. बहीण सुया घेऊन बसली असणार, पडद्याकडे बघत असणार, हे मेट्रनबाईंना दिसत होतं. शेवटी फोन लावून त्यांनी सांगितलं, की लॅपटॉप बिघडलाय. "असू दे गं अक्का," बहीण म्हणाली. "मी एकटीच विणते." मेट्रनबाईंनी फोन ठेवला. आणि त्या 'एकटीच'चा सगळा राग बालवाडीच्या त्या मुलीवर गेला.

दुपारी त्या थेट सर्जनसाहेबांच्या घरी गेल्या. साहेब गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"मेट्रन! तुम्ही? बसा, बसा."

"बसायला नाही आले, साहेब. वाचनालयात रविवारी काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे का? एक मुलगी लोकांची यंत्रं उघडून बसते. शिक्षण नाही, अनुभव नाही. माझ्या लॅपटॉपची तिनं वाट लावली. इंटरनेट गेलं. आणि जुनं होतं ते सगळं पुसून टाकलं."

साहेबांनी झारी खाली ठेवली. "पुसलं? तुम्हाला विचारून?"

एक क्षण होता. त्या क्षणात मेट्रनबाईंना पेंग्विनताईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, 'पुन्हा एकदा विचारते, हं.' पण त्यापाठोपाठ ते हसणंही ऐकू आलं.

"तिनं विचारलंही नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा कठोर झाला. "तुम्ही सांगताय म्हणजे प्रश्नच मिटला. मी बघतो."

परत येताना मेट्रनबाईंची पावलं जड पडत होती. पण सांगून टाकलं ते बरंच झालं, उद्या आणखी कोणाचं नुकसान झालं असतं, असं त्यांनी मनाला समजावलं. मनानेही ऐकल्यासारखं केलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप पुन्हा त्या दुकानदाराकडे न्यायचं ठरवलं. न्यायचा तर स्वच्छ करून न्यावा, म्हणून ओलं फडकं घेऊन त्या कडा पुसू लागल्या. पुढच्या कडेला फडकं अडलं. तिथे नखाएवढं एक सरकतं बटन होतं. इतकी वर्षं लॅपटॉप वापरला, पण ते त्यांच्या कधी नजरेसच पडलं नव्हतं. शेजारी एक इवलासा दिवा नारिंगी पेटलेला होता. बटनाच्या फटीत लाल लोकरीचा एक धागा अडकला होता.

त्यांनी धागा ओढून काढला आणि बटन सरकवलं. दिवा निळा झाला. पडद्यावर एकापाठोपाठ एक सगळ्या शेजाऱ्यांची वायफाय नावं उगवली, आणि सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं.

मेट्रनबाई हातात फडकं तसंच धरून बसून राहिल्या. 'यंत्रावरच्या बटनाने.' यंत्रावरच्या! मशीन त्यांना पहिल्या दिवसापासून सरळ भाषेत सांगत होतं. त्यांनीच पिशवीत गुंडे कोंबताना बटन सरकवलं होतं, आणि त्यांनीच जाऊन एका मुलीच्या नावाने बोंब ठोकली होती.

तेवढ्यात नवरा आत आला. "अरे वा, लागलं? तिनं सांगितलं वाटतं फोनवर."

"आपोआप लागलं," त्या म्हणाल्या.

शनिवारी बहीण पडद्यावर आली ती अगदी टवटवीत. ओठ आणि आवाज एकाच वेळी. "अक्का, तू किती स्पष्ट दिसतेयस! कोणी केलं गं हे?"

"आहे एक मुलगी," मेट्रनबाई म्हणाल्या आणि टाके मोजण्याच्या निमित्ताने मान खाली घातली.

साहेबांकडे जायला हवं होतं हे त्यांना कळत होतं. पण जाऊन म्हणायचं काय? रोज सकाळी आज जाऊ म्हणायच्या आणि रोज काहीतरी निघायचं. कधी कपाट आवरायचं निघालं, कधी गुडघा दुखला. तोवर त्या नव्या सिस्टिमची त्यांना चांगलीच गोडी लागली. विणकामाचे नमुने काढायचा एक कार्यक्रम सापडला, तोही फुकट. तो जगाच्या कुठल्या तरी टोकाला बसून कोणीतरी आपल्या सवडीने लिहिला होता आणि वाटून टाकला होता. तो उघडताना दरवेळी आधी आनंद व्हायचा आणि मग जीव कानकोंडा व्हायचा.

रविवारी पुस्तक परत करायला त्या वाचनालयात गेल्या. वाचनकक्षाला कुलूप होतं. 'उपक्रम बंद करण्यात आला आहे' असा कागद लावला होता, आणि बाहेर एक बाई जुना संगणक कडेवर घेतल्यासारखा धरून उभी होती. "मला माहीतच नव्हतं हो बंद झाल्याचं," ती ग्रंथपालांना म्हणत होती. "मुलीच्या अभ्यासाला हवा होता."

ग्रंथपालांनी हात वर केले. "मी काय करणार? अध्यक्षांकडे तक्रार गेली. कोणाची तरी फार मोठी फसगत झाली म्हणे."

मेट्रनबाई पुस्तक टेबलावर ठेवून मागल्या मागे वळल्या, आणि दारातच पेंग्विनताई समोर आली. तिच्या हातात तारांनी भरलेलं खोकं होतं. तिचा चेहरा उतरला होता, पण त्यांना बघून तिने हसायचा प्रयत्न केला.

"आजी! बरं झालं भेटलात. तुमचं सगळं ठीक चाललंय ना? काही गेलं तर नाही ना?"

"का?"

"कोणाचं तरी माझ्या हातून सगळं पुसलं गेलंय. न विचारता पुसलं, म्हणतात. कोणाचं ते अध्यक्ष सांगत नाहीत. मी तर सगळ्यांना विचारते, आजी. पण असेल, झालं असेल एखाद्या वेळी गडबडीत. रोज आठवत बसते, कोणाला विचारलं नसेल? एकेकाला फोन करतेय. कळलं तर निदान जाऊन माफी तरी मागेन. तुमचा नंबर नव्हता माझ्याकडे." तिने खोकं दुसऱ्या हातात घेतलं. "तुमचं ठीक आहे ना?"

बोलायचं तर आताच, हे मेट्रनबाईंना कळत होतं. ग्रंथपाल ऐकत होते, ती संगणकवाली बाई ऐकत होती.

"माझं छान चाललंय," त्या म्हणाल्या.

"चला! एकाचं तरी," पेंग्विनताई म्हणाली आणि खोकं सांभाळत पायऱ्या उतरून गेली.

घरी येऊन मेट्रनबाई चपला न काढता खुर्चीवर बसल्या. नवऱ्याने पेपर बाजूला ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने त्यांना चपलांनिशी घरात बसलेलं पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. हसणं, मान डोलावणं, गच्ची, बटन, धागा, आणि आत्ताचं 'छान चाललंय'. मध्ये कुठे थांबल्या नाहीत, स्वतःची बाजूही घेतली नाही.

"ती स्वतःची चूक आठवत बसलीय," त्या म्हणाल्या. "जी झालीच नाही, ती. आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले."

नवऱ्याने पेपरची घडी घातली. "तू एकदा एका बड्या पेशंटला व्हरांड्यात ताटकळत ठेवलं होतंस," तो म्हणाला. "त्यानं एका नर्सची तक्रार केली होती. तू म्हणालीस, आधी मी माझ्या मुलीचं ऐकून घेईन, मग तुमचं. साऱ्या हॉस्पिटलात गाजलं होतं ते."

"नका आठवण करून देऊ."

"मी कशाला करून देऊ? तुलाच आठवत असणार."

आठवत होतंच. ती नर्स पुढे वॉर्डाची प्रमुख झाली होती. एका मुलीचं ऐकून घेणाऱ्या बाईने दुसऱ्या मुलीला न ऐकताच तोडलं होतं, तेही खोटं बोलून. मेट्रनबाईंना स्वतःची किळस आली. नवरा आत जाऊन चहा करून घेऊन आला. कप त्यांच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "निवव, पी, आणि जा."

साहेब या वेळी दिवाणखान्यात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाकरले.

"असं आहे होय! असू दे हो, मेट्रन. होतं असं. या वयात..."

"वयाचं काही नाही यात. मी खोटं बोलले."

"बरं, बरं. मी महिन्याभराने उपक्रम पुन्हा सुरू करतो. गैरसमज झाला होता म्हणून सांगतो. तुमचं नाव कुठे येणार नाही."

सुटकेची केवढी मोठी वाट होती ती! मेट्रनबाईंनी तिच्याकडे डोळाभर पाहिलंही. मग त्या म्हणाल्या, "नाव आलं पाहिजे, साहेब. ती बिचारी अख्ख्या गावाला फोन करत सुटलीय. आणि खरं सांगू? तुम्हीही तिला बोलावून विचारायला हवं होतं."

साहेब चमकले. मेट्रनने त्यांना असं कधी सुनावलं नव्हतं. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी..." असं काहीतरी ते म्हणाले आणि मग जमिनीकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत मेट्रनबाई पोचल्या तेव्हा मुलं घरी गेली होती. भिंतीवर रंगीत हातांचे ठसे होते. पेंग्विनताई मोरीवर रंगाचे ब्रश धूत होती. बसायला सगळ्या बुटक्या खुर्च्या. मेट्रनबाई त्यातल्या एकीवर बसल्या तर गुडघे हनुवटीला आले.

"अय्या, तुम्ही इथे? थांबा, मोठी खुर्ची आणते."

"नको. तू आधी ऐक. ती तक्रार मी केली."

पेंग्विनताईने नळ बंद केला.

मेट्रनबाईंनी सांगितलं. वायफायचं बटन त्यांच्याच हातून सरकलं होतं. तिने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि त्यांनी साहेबांना नेमकं उलटं सांगितलं. काल दारात तिने तोंडावर विचारलं तरी त्यांच्या तोंडून खरं निघालं नाही.

पेंग्विनताईच्या हातातल्या ब्रशातून निळं पाणी जमिनीवर टपकत राहिलं.

"मला एक फोन का नाही केलात?"

"लाज वाटली."

"कसली? मी तर म्हटलं होतं लाजू नका."

"तू मला आजी म्हणायचीस. लहान मुलाला समजवावं तसं बोलायचीस. आणि ते सगळे हसले तेव्हा तूही हसलीस." बोलताना त्यांनाच ऐकू आलं, की हे किती क्षुल्लक आहे. एवढ्याशा ठसठशीसाठी एवढं सगळं केलं होतं.

"मग सांगायचं होतं ना, की आजी म्हणू नकोस!" पेंग्विनताईचा आवाज चढला. त्यांनी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "मी दिवसभर मुलांत असते, मला सवय आहे तशी. चुकलं असेल माझं. पण मला इथल्या मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं, की तू लोकांच्या वस्तू खराब करतेस का? पालकांपर्यंत गेलं होतं ते. मला झोप लागत नव्हती. मला वाटायला लागलं होतं की मी खरंच विसरले असेन. मी स्वतःवरच विश्वास ठेवेनाशी झाले, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," मेट्रनबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. रडून आपण तिच्याकडून सांत्वन उकळतोय असं व्हायला नको होतं. "मोठ्या बाई आहेत का आत? मी त्यांना सांगते."

"आहेत," पेंग्विनताई म्हणाली आणि पाठ फिरवून पुन्हा नळ सोडला.

मेट्रनबाईंनी मोठ्या बाईंनाही तेच सांगितलं. चौथ्यांदा सांगताना तरी सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. गेलं नाही. बाहेर आल्या तेव्हा पेंग्विनताई निघून गेली होती, आणि ब्रश ओळीने वाळत घातलेले होते.

उपक्रम सुरू व्हायला वेळ लागला. समितीची बैठक झाली, साहेबांनी पेंग्विनताईची माफी मागणारं पत्र दिलं. पहिल्या रविवारी वाचनकक्ष पूर्वीपेक्षा जास्त भरला, कारण भानगड झाली म्हटलं की लोक येतातच. मेट्रनबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर बोलल्या. "तक्रार माझी होती आणि ती खोटी होती. मला काही कळत नव्हतं आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी एका चांगल्या मुलीला तोंडघशी पाडलं." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पेंग्विनताई खिडकीपाशी कोणाची तरी तार सोडवत होती. तिने वर पाहिलं नाही.

मेट्रनबाई त्यानंतर दर रविवारी जात राहिल्या. आधी टेबलं लावायच्या, तारा गुंडाळायच्या. पेंग्विनताई त्यांच्याशी कामापुरतं बोलायची आणि त्यांना मेट्रनबाई म्हणायची. हवं होतं तेच मिळालं होतं, आणि ते प्रत्येक वेळी बोचायचं. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मेट्रनबाईंनीही कधी विचारलं नाही. इमारतीत गोष्ट पसरली होती. जिन्यात दोघी-तिघी बोलताना थांबायच्या. बहिणीलाही त्यांनी एका शनिवारी सगळं सांगून टाकलं. तिने हातातली ओळ पुरी केली आणि म्हणाली, "त्या मुलीसाठी एक मफलर विणूया का?" मेट्रनबाई म्हणाल्या, "नको. लाच दिल्यासारखं होईल."

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी फार गर्दी झाली. पेंग्विनताई चार यंत्रांत अडकली होती. दारात एक बसचालक गणवेशातच लॅपटॉप घेऊन उभा होता, त्याला परत कामावर जायचं होतं. पेंग्विनताईने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि मेट्रनबाईंसमोर धरला.

"यांचं तुम्ही कराल?"

"मी? माझ्या हातून काही चुकलं तर?"

"तर सांगा," पेंग्विनताई म्हणाली आणि आपल्या जागी गेली.

मेट्रनबाई बसचालकाशेजारी बसल्या. आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो बाहेर उतरवून घेतले, उघडून बघितले, त्यालाही बघायला लावले. मग तो पडदा आला.

"जुनं पुसायचं का?" त्यांनी विचारलं.

"पुसा की," तो घड्याळाकडे बघत म्हणाला.

"पुसणं म्हणजे काय ते कळलं का तुम्हाला?"

तो जरा घुटमळला. "तसं... नाही कळलं नीट."

"मग थांबा. आधी सांगते." त्यांनी सांगितलं. आपल्याच शब्दांत, वॉर्डातली खाट रिकामी करून नवा पेशंट घ्यावा तसं सांगितलं. त्याला पटलं. त्याने नीट विचार केला आणि हो म्हटलं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी पुढे सरकू लागली आणि मध्येच थांबली. इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्या मेट्रनबाईंना अजिबात कळल्या नाहीत.

"काय झालं?" बसचालकाने विचारलं.

"ठाऊक नाही मला," मेट्रनबाई म्हणाल्या. खोलीत माणसं होती, शेजारी तोच पूर्वीचा हसणारा माणूसही होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. तरी त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला आणि मोठ्याने हाक मारली, "ताई, इकडे ये गं. मला अडलंय."